जहाजाची वेळ, बेटाची वेळ

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला. बोलताना जे सुटलं होतं ते थोडं भरून घेतलं आहे.)

मित्रहो, भगिनींनो आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या नातवंडांनो,

सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुमच्या क्रूझबद्दल बोला, पण बुफेत काय काय होतं ते सांगू नका. ते सगळेच सांगतात." म्हणून जेवणाचं काही सांगत नाही. मी फक्त एका दिवसाबद्दल बोलणार आहे, त्यातही मुख्यतः दुपारच्या एका तासाबद्दल. त्या तासात माझी चूक झाली. ती चूक आपल्यापैकी कुणाचीही होऊ शकते, आणि आता आपल्या तिन्ही विंगमधली माणसं मुलांकडे अमेरिकेला जातात, तिथून क्रूझवर जातात, म्हणून सांगतो.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही मुलाकडे होतो. मुलगा, सूनबाई, नातू, मी आणि ही, असे पाच जण मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर निघालो. पहिला दिवस नुसता समुद्र. त्यानंतरचं पहिलं बंदर ग्रँड केमन. कॅरिबियन समुद्रातलं हे छोटंसं बेट ब्रिटिशांच्या ताब्यात आहे, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला केमनचं नाव ठाऊक असतंच. करचुकवेगिरीची बातमी आली की हे नाव येतं. जॉर्ज टाउन या राजधानीत अग्लंड हाउस नावाची पाच मजली इमारत आहे. २००८ साली अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी मोजलं, तेव्हा त्या एका पत्त्यावर १८ हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या निघाल्या. आपल्याकडे एका फ्लॅटच्या पत्त्यावर दोन खाती उघडायची म्हटली तरी मी चार कागद मागत असे. असो, हे विषयांतर झालं.

या बंदराची गंमत अशी, की मोठ्या जहाजांना तिथं धक्काच नाही. धक्का बांधावा की नाही यावर २०२५ साली तिथं सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. त्यामुळे जहाज बाहेर पाण्यात उभं राहतं आणि उतारूंना किनाऱ्यावर न्यायला दुसऱ्या बोटी येतात. त्यांना टेंडर म्हणतात. आपल्या सोसायटीत टेंडर म्हटलं की लिफ्टदुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग आठवतं, आणि त्यावरची भांडणं आठवतात. हे टेंडर वेगळं.

मला मात्र ते टेंडर बघून वेगळंच आठवलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून स्टीमरनं गावी जायचो. आमचं बंदर वेंगुर्ला. स्टीमर बाहेर उभी राहायची, आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. खलाशी आम्हा पोरांना दंडाला धरून पडावात ओढून घ्यायचे, मागून ट्रंका, फणस, माणसं. परतीच्या दिवशी वडील आम्हाला घेऊन तीन-तीन तास आधी बंदरावर येऊन बसायचे. आई कुरकुरायची. वडिलांचं एकच उत्तर, "पडाव सुटला की बोट गेली असं समज." साठ-पासष्ट वर्षांनी केमनला टेंडरच्या दारात खलाशानं माझा दंड धरला आणि लाट वर येईपर्यंत थांबवून मग "नाउ" म्हणाला, तेव्हा हे सगळं आठवलं. वडिलांचं वाक्य मात्र आठवायला हवं होतं ते आठवलं नाही.

गुडघ्यांबद्दल इथंच एक सांगून ठेवतो. जहाज आणि टेंडर दोन्ही हलत असतात, दोन्हींमधलं अंतर आणि उंची दर क्षणाला बदलते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं घाई करायची नाही, आणि हातात पिशवी ठेवायची नाही, पाठीवर घ्यायची. समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअरवरच्या माणसाला टेंडरमध्ये घेत नाहीत. फारच खवळलेला असेल तर कॅप्टन ते बंदरच रद्द करतो. म्हणून टेंडरच्या बंदरावर स्वतःची गाडी-गाइड ठरवणार असाल, तर आगाऊ पैसे भरू नका. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. तुम्ही बाहेर ठरवलेल्या माणसाकडून ते सोडवून आणणं तुमचं तुम्ही बघायचं.

आता मूळ मुद्दा. उतरून फिरण्याचे दोन मार्ग. एक, जहाजाची स्वतःची सहल घ्यायची. महाग पडते, पण त्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. दुसरा, आपलं आपण उतरून फिरायचं. स्वस्त पडतं, मनासारखं फिरता येतं, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. मुलानं त्यांच्या तिघांसाठी जहाजाची सहल घेतली होती. समुद्रात एका वाळूच्या उथळ पट्टीवर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाकट मासे बघायचे. आम्हाला ते जमणारं नव्हतं. आमच्यासाठी त्यानं जहाजाचीच समुद्रकिनाऱ्याची सहल बघितली होती, माणशी पन्नासच्या आसपास डॉलर. मी नको म्हटलं. तोच किनारा, गावातून मिनीबस जाते, दोघांचं दहा-बारा डॉलरांत होतंय, उरलेले नव्वद कशाचे द्यायचे? मुलगा म्हणाला, "बाबा, वेळेचं बघा." मी त्याला म्हटलं, "छत्तीस वर्षं क्लिअरिंगची वेळ सांभाळली आहे, तू मला शिकवू नकोस." हे वाक्य मी बोललो. ही साक्षीला होती, आज पहिल्या रांगेत बसली आहे.

सकाळी जहाज आठला येऊन उभं राहिलं. कागदावर आमचा मुक्काम आठ ते चार. वाचणाऱ्याला वाटतं, आठ तास मिळाले. मिळत नाहीत. आधी जहाजाच्या सहलींची माणसं उतरतात. आपल्यासारख्यांना टेंडरचं तिकीट घ्यावं लागतं, त्यावर नंबर असतो, आणि तो पुकारला जाईपर्यंत वर हॉलमध्ये बसायचं. आम्ही किनाऱ्याला पाय लावला तेव्हा दहा वाजले होते. परतीचा शेवटचा टेंडर तीनचा. म्हणजे आठ तासांतले तीन तिथेच गेले. बस शोधण्यात आणि जाण्यात आणखी पाऊण तास.

उतरताना दारापाशी पाटी होती, "शेवटचा टेंडर ३:००". मी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. तीन वाजता. पण कुणाचे तीन, ते लिहिलं नाही. तारीख नसलेला चेक मी कधी पास केला नसता, आणि ही नोंद मात्र तशीच केली.

आता हे "कुणाचे तीन" म्हणजे काय? आपण मुंबईत बसलो काय आणि गुवाहाटीला गेलो काय, घड्याळ एकच. त्यामुळे गाव बदललं की वेळ बदलते हे आपल्या अंगवळणी नाही. विमानानं गेलो तर उतरताना सांगतात, आपण घड्याळ लावतो, संपलं. जहाजाचं तसं नसतं. जहाज स्वतःची वेळ घेऊन फिरतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं आणतात. केमनमध्ये ही पद्धत नाही, तिथं वर्षभर एकच वेळ. म्हणजे हिवाळ्यात मायामी आणि केमन यांची वेळ सारखी असते, आणि उन्हाळ्यात केमन एक तास मागे असतं. आमच्या जहाजानं मायामीचीच वेळ चालू ठेवली होती. काही जहाजं बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, म्हणून हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. आणि आपण आईबाप मुलांकडे जातो ते बहुतेक उन्हाळ्यातच.

जहाजावर माझा फोन विमानातल्यासारखा बंद करून ठेवलेला होता. किनाऱ्यावर उतरल्यावर मी तो चालू केला. मुलानं अमेरिकन सिम घालून दिलेलं, त्यानं तिथलं नेटवर्क पकडलं आणि कुणाला न विचारता घड्याळ एक तास मागं घेतलं. मला पत्ता नाही. हिच्या हातात साधं मनगटी घड्याळ. त्याला केमन काय आणि मायामी काय.

किनारा सुंदर आहे, त्याचं वर्णन करत नाही. नाव सेव्हन माइल बीच, भरतं सातपेक्षा कमी. पाणी स्वच्छ, सावलीला झाडं. मी एका दुकानातून दोन थंड बाटल्या घेतल्या. अमेरिकन डॉलर दिले, सुटे केमन डॉलर परत आले. तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा भारी, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन, दर बांधलेला. म्हणजे अमेरिकन डॉलरचे ८३ सेंट व्हायला हवेत, पण दुकानदार ८० धरतो. मधले तीन सेंट त्याचे. मी हा हिशेब हिला समजावून सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, दोनला दहा कमी आहेत. निघूया ना?"

मी फोन बघितला. एकला दहा कमी. म्हटलं, "तुझं घड्याळ पुढं गेलंय. अजून दोन तास आहेत, बस निवांत."

ती म्हणाली, "सकाळी बरोबर होतं."

मी म्हटलं, "सेल गेला असेल."

त्यावर ती जे म्हणाली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. "सेल गेला तर घड्याळ मागं पडेल किंवा बंद पडेल. पुढं गेलंच तर पाच-दहा मिनिटं जाईल. नेमका एक तास कसं जाईल?"

याला उत्तर नव्हतं. पण माणसाला उत्तर नसलं की तो आवाज चढवतो. मी म्हटलं, "फोनला उपग्रहावरून वेळ येते, तुला त्यातलं कळत नाही." शेजारी माणसं होती. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळतो. ही काही बोलली नाही. उठली, साडीला लागलेली वाळू झटकली, आणि बाटल्या घेतलेल्या त्या दुकानातल्या बाईकडे गेली. हिचं इंग्रजी माझ्याइतकं सफाईदार नाही. हिनं स्वतःचं मनगट पुढं केलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "शिप? ऑर दिस?" ती बाई हसली. बेटावर हा प्रश्न रोजचा असणार. तिनं आमच्या गळ्यातलं जहाजाचं कार्ड बघितलं आणि म्हणाली, तुमचं जहाज मायामीच्या वेळेवर आहे, तुम्ही आत्ताच निघा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डायरीतले तीन म्हणजे माझ्या फोनमधले दोन. आणि फोनमधले तीन म्हणजे जहाज सुटायची वेळ.

पुढचा तास सविस्तर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. त्या दिवशी बंदरात चार जहाजं होती, आणि चारही जहाजांची माणसं दुपारी एकाच रस्त्यानं परत निघाली होती. पहिली मिनीबस भरलेली, थांबलीच नाही. दुसरी थांबली, एकच जागा. तिसरी येईना. सकाळी पंधरा मिनिटांत कापलेला रस्ता आता नुसता गाड्यांनी भरलेला. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं आणखी चार जणांबरोबर आम्हाला कोंबलं. मी हिच्या घड्याळाकडे बघत होतो. आता तेच घड्याळ मला बरोबर वाटत होतं.

गाडीत मी मनात यादी केली. पासपोर्ट जहाजावर, केबिनच्या तिजोरीत. मीच ठेवले होते, सुरक्षित राहावेत म्हणून. हिच्या साखरेच्या गोळ्या जहाजावर, बरोबर फक्त दुपारची घेतलेली. मुलगा, सून, नातू जहाजावर. त्यांची सहल उशिरा आली तरी जहाज त्यांना घेऊन जाणार, आणि आम्हाला सोडून जाणार. माझ्या खिशात साठ-सत्तर डॉलर आणि एक कार्ड. जहाज सुटल्यावर पुढच्या बंदरापर्यंत आपलं आपण, आपल्या खर्चानं जायचं, आणि परक्या देशात, हातात पासपोर्ट नसताना. नव्वद डॉलर वाचवायला निघालो होतो.

गावात पोचलो तेव्हा हिच्या घड्याळात दोन पस्तीस. सकाळी उतरलो ती जागा मला वाटली ती नव्हतीच. टेंडर लागायला तिथं एकाहून जास्त जागा आहेत, थोड्या थोड्या अंतरावर, आणि दिसायला सारख्या. आम्ही एका रांगेत उभे राहिलो. पाच मिनिटांनी पुढच्या माणसाच्या गळ्यातलं कार्ड बघितलं, दुसऱ्याच जहाजाचं. मग धावत, म्हणजे आमच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं, पलीकडे. हिचा गुडघा त्या दिवसापासून जो दुखतोय तो आजतागायत. तिथं आमच्या जहाजाची मुलगी पाटी घेऊन उभी होती. तिला बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दोन पन्नासला आम्ही रांगेत, आणि दोन पंचावन्नच्या टेंडरमध्ये. आमच्यामागं फार कुणी उरलं नव्हतं.

मुलाचं कुटुंब सव्वादोनलाच परत आलं होतं. नातू वरच्या डेकवर कठड्याला धरून प्रत्येक टेंडर बघत उभा होता. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे होता?" मी म्हटलं, "ट्रॅफिक होता." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं काय ते रात्री जेवणाच्या टेबलावर मीच सांगितलं. मुलगा काही बोलला नाही. सूनबाईंनी फक्त विचारलं, "आईंचा गुडघा कसा आहे?" हिनं मला काय सुनावलं असं पुष्कळ जण विचारतात. काहीच नाही. किनाऱ्यावर मी जे बोललो त्याबद्दल मी माफी मागितली तेव्हा "झोपा आता" म्हणाली. आज चारचौघांत ते सांगतोय, कारण बोललो होतो तेही चारचौघांत.

मित्रहो, यानंतर मी बाहेर फिरणं सोडलं असं समजू नका. दोन दिवसांनी मेक्सिकोतलं कोझुमेल बंदर होतं. तिथंही तोच पेच. त्या राज्यानं २०१५ च्या फेब्रुवारीत आपलं घड्याळ बदललं आणि तेव्हापासून वर्षभर एकच वेळ ठेवली, म्हणून उन्हाळ्यात मायामीच्या एक तास मागे. या वेळी आदल्या रात्री कागद घेतला आणि आमचा जुना बँकेचा रिवाज पाळला, हिशेब शेवटाकडून मांडला. चढायची शेवटची वेळ वर लिहिली, पुढं "जहाज" असा शब्द. तिच्यातून एक तास वजा, राखीव. त्यातून परतीचा रस्ता वजा, तोही सकाळी लागेल त्याच्या दुप्पट. जे उरलं ती जागेवरून उठायची वेळ. फोनमध्ये आपोआप वेळ बदलण्याची सोय असते ती बंद केली, ती मुलांना विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. जहाजाचं रोजचं पत्रक केबिनमध्ये येतं, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो. त्या पत्रकाची घडी खिशात. दोन दिवसांच्या गोळ्या आणि पासपोर्टची झेरॉक्स हिच्या पर्समध्ये. कोझुमेलला जहाज धक्क्यालाच लागतं, टेंडर नाही, म्हणून हिशेब सोपा. टॅक्सी करून बेटाच्या आतल्या बाजूला माया लोकांच्या जुन्या देवळांचे अवशेष बघून आलो. सान हर्वासिओ म्हणतात. इश्चेल नावाच्या त्यांच्या देवीचं ते ठाणं होतं, बायका दुरून होड्यांतून दर्शनाला यायच्या. हिला ते फार आवडलं. दोन तास शिल्लक ठेवून परत.

संध्याकाळी बाल्कनीत बसलो होतो. सुटायची वेळ झाली आणि धक्क्यावरून दोन तरुण पळत येताना दिसले, हातात चपला. वरच्या सगळ्या डेकवरून लोक टाळ्या वाजवायला लागले, शिट्ट्या, आरडाओरडा, कुणी व्हिडिओ काढतंय. हा म्हणे क्रूझवरचा नेहमीचा खेळ. त्यांना घेतलं जहाजानं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बी विंगमधलं एक जोडपं पुढच्या उन्हाळ्यात ग्रीसच्या क्रूझवर जाणार आहे असं कळलं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इटलीहून निघालात तर ग्रीसचं घड्याळ एक तास पुढं असतं, केमनच्या उलट. तिथं चूक झाली तर निदान लवकर पोचाल की उशिरा, हे जहाज कुठली वेळ धरतंय त्यावर अवलंबून, तेव्हा विचारून घ्या. आणि सँटोरिनीला जहाज बाहेरच उभं राहतं. टेंडर जुन्या बंदरात सोडतो, आणि गाव वर कड्याच्या माथ्यावर. वर-खाली करायला केबल कार, गाढवं, किंवा साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. जाताना कुठूनही वर जाल, पण उतरताना सगळ्या जहाजांची माणसं त्याच केबल कारच्या रांगेत उभी असतात. राखीव एक तास त्या रांगेसाठी वेगळा धरा, टेंडरच्या रांगेसाठी वेगळा. कॅरिबियनला जाणाऱ्यांपैकी कुणाच्या वाटेत बेलीझ असेल तर त्यांनी आणखी जपायचं. उन्हाळ्यात मायामीपेक्षा दोन तासांचा फरक, आणि पाणी उथळ म्हणून जहाज इतकं लांब उभं राहतं की टेंडरलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

ज्यांना जायचं आहे त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन घरी यावं, ए विंग, दुसरा मजला. जहाजाच्या पत्रकावरून उलटा हिशेब कसा मांडायचा ते दाखवीन. संध्याकाळी पाचनंतर या. आमच्या घरच्या घड्याळाप्रमाणे.